नीट मराठीत मागा

बमरोली, सुरत
रविवार, १४ जुलै २०२४

प्रिय आत्या,

सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या खोल्यांना वाटतं आमच्या घरात भांडण लागलं. पप्पा म्हणाले, पत्र लिही, आनंदीला डोळ्यांनी वाचता येतं अजून. म्हणून हे लिहायला घेतलं.

बातमी अशी की पाळकसाहेबांनी मला शब्बाथ शाळेचा लहान वर्ग दिला आहे. आधी इंदुबाई शिकवायच्या, पण त्यांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, निशा मराठी घेऊन बी.ए. झाली आहे, तिच्याइतकं नीट कोण शिकवणार. पप्पा मागच्या ओळीत बसले होते. त्यांनी मान खाली घातली, पण मला दिसलं, ते हसत होते. ते स्वतः सहावीत शाळा सोडून इकडे कापडाच्या लूमवर आलेले. आमच्या घरात पदवीचा फोटो काढणारी मी पहिलीच, हे तुला वेगळं सांगायला नको. आठवडाभर मी कूरियरच्या ऑफिसात पावत्या फाडते. रविवारी मात्र मला वाटतं, शिकले ते कशासाठी हे आज कळलं.

आपलं प्रार्थनामंदिर टेम्पोच्या गॅरेजवर आहे. वर उपासना चालते, आमचा वर्ग त्याच जिन्याच्या माथ्यावरच्या ओट्यावर. खाली पत्रे ठोकतात तेव्हा मी गोष्ट थांबवते आणि पोरं ठोके मोजतात. चौदा मुलं आहेत, चार ते आठ वर्षांची. मागच्या रविवारी सरोवरातल्या वादळाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आता सरोवर काढा. कुणीच खडू उचलेना. मग एकाने विचारलं, "बाई, आज पाणी कोणतं?" मी म्हटलं, पाणी निळंच असतं. तो म्हणाला, "निळं सोमवारी येतं." आमच्या मागची खाडी, आत्या. डाइंग मिलवाले ज्या दिवशी जो रंग सोडतील तो तिचा रंग. मी इतकी हसले की गोष्टीचा उपदेशच राहून गेला. दोन सरोवरं गुलाबी आली, एक मेंदीसारखं हिरवं. सगळी भिंतीवर चिकटवली आहेत.

एकच अडचण आहे, भाषेची. शाळेत हिंदी, गल्लीत गुजराती, घरी अहिराणी. प्रार्थना करायला उभी राहिली की तिन्ही एकत्र येतात. धनश्री म्हणून एक सहा वर्षांची आहे, आपल्या हिलाल सोनवण्यांची. सगळ्यांत हुशार. पहिल्या ओळीत बसते आणि माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवते, मी फळ्याकडे गेले तरी सोडत नाही. पण प्रार्थना अशी: "देवा, मन्ही मायले पगार दे, और मेरे को पेन्सिल." मला लाडही येतो आणि वाईटही वाटतं. हीच पोरं उद्या मोठी झाल्यावर लोक त्यांच्या बोलण्यावर हसतील. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्यावर हसले होते, ते मी विसरलेले नाही.

मी नियम केला आहे: वर्गात फक्त शुद्ध मराठी. तू शहाद्याला बत्तीस वर्षं हा वर्ग घेतलास. तू कसं करायचीस? (आईच्या अंगात जरा कणकण आहे, काळजीचं काही नाही.)

तुझी,
निशा

•

शहादा
२५ जुलै २०२४

चि. निशास,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तुझं अक्षर कॉलेजात बिघडलं आहे, वेलांट्या नीट काढ.

मी सातवी पास बाई, बी.ए. झालेलीला काय शिकवू? पण विचारलंस म्हणून सांगते. कडक राहा. लहान मुलांना लाड करणारे घरी पुष्कळ असतात. चुकलं की तिथेच थांबवायचं, बरोबर वाक्य सांगायचं आणि तीनदा म्हणायला लावायचं. एकदा म्हटलेलं विसरतात, तीनदा म्हटलेलं मरेपर्यंत राहतं. आमच्या शब्बाथ शाळेच्या पंडितबाईंनी मला असंच शिकवलं, मी तुझ्या बापाला शिकवायला गेले तर तो खिडकीतून पळाला, आणि बघ, लूमवर गेला.

तुला आठवत नसेल. तू चार वर्षांची, सुट्टीत आली होतीस आणि आईला "माय, वो माय" करून हाका मारायचीस. मी तुला ओसरीवर उभं केलं आणि "आई" म्हणायला लावलं. रडलीस. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणालीस. आज पदवीधर आहेस. त्यात माझेही दोन आणे धर.

गुलाबी सरोवराला मी खूप हसले. शेजारच्या वर्षाला वाचून दाखवलं, तीही हसली.

मंदाला, तुझ्या आईला, अंगात कणकण आहे असं तू शेवटी कोपऱ्यात लिहिलंस. कोपऱ्यात लिहायची गोष्ट नव्हे ती. पावसाळा आहे. दवाखान्यात ने.

तुझी आत्या,
आनंदी

•

बमरोली
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

सलाम. उशीर झाला. आईला डेंग्यू निघाला. आठ दिवस सरकारी दवाखान्यात होती. काळजी करू नकोस, काल घरी आणली. रक्तातल्या पेशी परवापासून चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं. पप्पा म्हणाले, नशीब नाही, प्रार्थना.

आमच्या गल्लीत घरोघरी ताप आहे. आईच्या पलीकडच्याच खाटेवर ज्योती होती, धनश्रीची आई. त्या दोघी तापातसुद्धा एकमेकींच्या पेशी विचारायच्या. आई घरी आली, ज्योती अजून तिथेच आहे. हिलालदादांना मिलमध्ये बारा तासांची पाळी, म्हणून धनुला दिवसभर शेजारी ठेवतात.

गेल्या रविवारी वर्गात आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. ज्याच्या घरी कुणी आजारी आहे त्याने उभं राहून मागायचं. धनु उठली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "देवा, मन्ही मायले बरं कर." मोठी मुलं फिसकन हसली. मला तुझं पत्र आठवलं. मी मुलांना गप्प केलं, हसत हसत दोन शब्द समजावले आणि तिला बरोबर वाक्य दिलं: माझ्या आईला बरे कर. आत्या, तिने ते तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तर "आईला" मधला "ई" असा लांब आणि स्वच्छ काढला की मला भरून आलं. वहीत तिला चांदणी काढून दिली. जाताना ती पायऱ्यांवर तेच वाक्य म्हणत उतरली. खालपर्यंत ऐकू येत होतं.

तेव्हा वाटलं, शिकवणं म्हणजे हेच असावं.

आईने तुला सलाम सांगितला आहे. पपईचा पाला पिऊन कंटाळली आहे.

तुझी,
निशा

•

शहादा
३ सप्टेंबर २०२४

चि. निशास,

आशीर्वाद.

मंदा घरी आली, देवाचे उपकार. तिला महिनाभर पाणी भरू देऊ नकोस.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. पुढचं आलं नाही. त्या धनश्रीच्या आईचं काय झालं?

तुझी आत्या,
आनंदी

•

बमरोली
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

ज्योती गेली. आज बरोबर महिना झाला. मी चार वेळा पत्र लिहायला बसले आणि उठले.

गुरुवारी दुपारी गेली. सकाळी तिने चहा मागितला होता म्हणतात. हिलालदादा मिलमधून तसेच आले, हात कोपरापर्यंत जांभळे. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांना माती टाकायला सांगितली तेव्हा ते हातांकडेच बघत राहिले. धनुला मी कडेवर घेतलं होतं. ती रडली नाही. शेवटपर्यंत पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिने तेव्हा माझ्याकडे कसं पाहिलं ते मला सांगता येत नाही.

ती वर्गाला येते. हिलालदादा स्वतः आणून सोडतात. पण आता पहिल्या ओळीत बसत नाही, भिंतीला पाठ लावून मागे बसते. गाणी म्हणत नाही. आम्ही प्रार्थनेला डोळे मिटले की ती कानांवर हात ठेवते, हे मला दुसऱ्या मुलांनी सांगितलं. मी ओरडले नाही. पाळकसाहेब म्हणतात, दुःख आहे, वेळ द्या.

एक गोष्ट मात्र सांगते म्हणजे तुला कळेल किती गुणी लेकरू आहे. एरवी एक अक्षर बोलत नाही, पण दर रविवारी वर्ग संपला की जवळ येते आणि विचारते, "बाई, तुमची आई कशी आहे?" एवढंच. मी सांगते, बरी आहे, आज भाकरी केल्या तिने. ती मान हलवते आणि जाते. आत्या, स्वतःची आई गेलेली पोर दुसऱ्याच्या आईची चौकशी करते. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आई डोळ्याला पदर लावून बसली. तिने दुसऱ्या दिवशी खिचडी करून त्यांच्या खोलीवर नेली. धनुच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली तर धनुने हात झटकला आणि पलंगाखाली गेली. बाहेर आलीच नाही. आईला फार लागलं ते. मी म्हटलं, आई, तिला तुझ्यात ज्योती दिसत असेल.

मला तिच्यासाठी काय करू समजत नाही. तू इतकी मुलं पाहिलीस.

निशा

•

शहादा
१ ऑक्टोबर २०२४

निशा,

पत्र वाचलं आणि खाटेवर बसून राहिले.

ती तुझ्या आईची चौकशी करते, आणि तुझी आई समोर आली की पलंगाखाली जाते. या दोन्ही गोष्टी तू एकाच पानावर लिहिल्यास आणि तुला काही वाटलं नाही? ते गुणीपण नाही, पोरी. सहा वर्षांचं लेकरू चौकशी करत नसतं. ते काहीतरी तपासत असतं.

तिला विचार, का विचारतेस म्हणून. एकटीला विचार. आणि ती बोलायला लागली की मध्ये तिचं वाक्य सुधारू नकोस. हे मी तुला सांगते आहे, हे लक्षात ठेव.

आणि तेव्हा तू "दोन शब्द समजावले" असं लिहिलं होतंस. कोणते दोन शब्द?

आनंदी आत्या

•

बमरोली
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

आत्या,

आज विचारलं.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी जिन्यात बसलो. हिलालदादा यायचे होते. मी म्हटलं, धनु, तू माझ्या आईची चौकशी दर रविवारी का करतेस? ती म्हणाली, "बघायला." काय बघायला? "ती बरीच आहे का अजून."

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडा घालत होतं. ती ठोके मोजत होती, मीही मोजले. शेवटी ती म्हणाली, "मी आई बोलली ना. तीन वेळा. मग आई बरी झाली. तुमची. माझी तर माय होती."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिच्याकडे वळले. मी म्हटलं, धनु, आई आणि माय एकच असतात गं. तुझी माय म्हणजेच तुझी आई. ती म्हणाली, "देवाला कुठे माहीत? तुम्हीच बोलल्या होत्या."

आत्या, तू विचारलेस ते दोन शब्द हे आहेत. मी तुझ्यापासून लपवले असं नाही, मला तेव्हा ते लिहिण्यासारखे वाटले नव्हते. मुलं तिला हसली तेव्हा मी म्हणाले होते, "नीट मराठीत मागा, म्हणजे देवाला लवकर कळतं." हसत म्हणाले होते. तिला वाक्य दिलं, तिने तीनदा म्हटलं, मी चांदणी काढली. आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत शेजारशेजारच्या दोन खाटांपैकी "आई" म्हणतात ती उठून घरी आली आणि "माय" म्हणतात ती गेली. तिचं गणित एवढं सरळ आहे. तिला वाटतं, तिच्या तोंडून नाव चुकलं. माझ्यामुळे चुकलं हेही तिला कळतं, पण म्हटलं होतं तिनेच.

मी तिला जवळ घेतलं. घाईघाईने सांगितलं की देवाला सगळं समजतं, सगळ्या भाषा समजतात, बोललो नाही तरी समजतं. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मला बदलायला का लावलं?"

मी बी.ए. आहे. मी तिची चप्पल शोधायला उठले.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले आणि हिलालदादांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील. ते नखं घासत होते, निळा रंग निघत नाही म्हणून. घासतच राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमचा एकटीचा दोष नाही. मीच ज्योतीले सांगत होतो, पोरीला आई म्हणायला लाव, निशाबाईसारखी बोलेल. ज्योती हसायची. म्हणायची, आई म्हटलं की मला हाक मारली असं वाटतच नाही."

एवढं बोलून ते ब्रश धरून बसले. धनु पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती.

दिवाळीच्या सुट्टीत ते तिला लोणखेड्याला त्यांच्या आईकडे सोडणार आहेत, कायमचं. इथे दिवसभर सांभाळायला कुणी नाही. तुझ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर.

मी पाळकसाहेबांना वर्ग सोडते म्हणून सांगितलं आहे. मला ते जमत नाही. मला वाटलं होतं जमतं.

निशा

•

शहादा
१५ नोव्हेंबर २०२४

चि. निशास,

मी महिनाभर लिहिलं नाही. रागावले नव्हते. मला आधी काहीतरी करून मग लिहायचं होतं.

पण त्याच्याही आधी एक सांगते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. "नीट मराठीत मागा म्हणजे देवाला लवकर कळतं" हे वाक्य तुझं नाही. ते माझं आहे. मी बत्तीस वर्षं ते ओसरीवर बसून म्हटलं. तुला ओसरीवर उभं केलं तेव्हाही म्हटलं असणार, म्हणून ते तुझ्या तोंडी आयतं आलं. आणि माझी स्वतःची माय गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसून मोठ्याने प्रार्थना करत होते, अगदी पंडितबाईंसारखी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन शे?" तिला वाटलं कुणी परकी बाई घरात आली आहे. त्यानंतर ती बोलली नाही. मी पुढच्या रविवारी वर्गात गेले आणि तेच वाक्य पुन्हा शिकवलं, कारण ते सोडलं असतं तर मायच्या उशाशी मी काय केलं ते मला कबूल करावं लागलं असतं.

आता धनश्रीचं. परवा मी लोणखेड्याला गेले, वर्षाच्या मुलाच्या रिक्षाने. तिची आजी दारातच भेटली, फार आनंदात. म्हणाली, पोरगी काय शुद्ध बोलते हो, सुरतेत राहून, आमच्या घरात असं कुणी बोललं नाही. मी आत गेले. धनु धान्याच्या कोठीजवळ बसली होती. मला म्हणाली, "नमस्कार. आपण बसा. मी पाणी आणते." निशा, सहा वर्षांचं लेकरू. आजीला "आजी, मला भूक लागली आहे" म्हणते. एक शब्द अहिराणी नाही, एक शब्द हिंदी नाही. बोलण्याआधी थांबते, मनात वाक्य जुळवते, मग बोलते. भावकीतल्या पोरी तिच्याशी खेळत नाहीत, तिला बाई म्हणून चिडवतात. आजी गावभर कौतुक सांगते.

मला दिसलं ते असं की ती पुन्हा चुकू नये म्हणून धडपडते आहे.

मी देवाबद्दल काही बोलले नाही. माझ्याकडून तिने ऐकावं असं मी काय केलं आहे? तिच्याशी चिंचोके खेळले, हरले, घरी आले.

तू वर्ग सोडलास. कुणाला शिक्षा करतेस? ज्योती त्याने उठणार नाही आणि उरलेल्या तेरा पोरांना आता कुणीतरी मोबाइलवर गोष्ट लावून देत असेल. ते तुझं तू बघ. पण धनुला तू पत्र लिही. तू लिही, मी वाचून दाखवते. जिन्यात घाईने सांगितलंस ते तिने ऐकलं, पण ते तुझ्या शुद्ध भाषेत होतं. त्या भाषेवर आता तिचा विश्वास कसा बसावा?

आनंदी आत्या

•

बमरोली
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

सोबत धनुचं पत्र आहे. आयुष्यात पहिल्यांदा अहिराणी लिहिली. चार दिवस लागले. प्रत्येक शब्दाला आई शेजारी बसून होती. सुरुवातीला मी विचारलं, हा शब्द असाच लिहायचा का, तर ती हसली आणि म्हणाली, मला काय माहीत, मी कधी लिहिला आहे? मी लिहीत होते आणि ती वाचत होती. मध्येच मी तिला "माय" म्हणाले, पत्रातलं वाक्य म्हणून नाही, अशीच. वीस वर्षांनी. ती उठून भांडी घासायला गेली.

मी वर्ग पुन्हा घेतला आहे. आजच्या रविवारी मुलांना सांगितलं की मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. त्यांना कोणती ते आठवतही नव्हतं. जिने विसरायला हवं, तिलाच ते आठवतं.

निशा

(धनुसाठी)

धनु,

मी तुन्ही निशाबाई. हाई पत्र आनंदी आत्या तुले वाची दाखवस.

मी तुले जे सांगं ते खोटं व्हतं. देवले माय बी समजस, आई बी समजस. तू मायना नाव लिधं तवयच त्याले समजनं व्हतं, पहिलाच येळले. तू काहीच चुकनी नही. चूक मन्ही शे.

तुन्ही माय काबर गयी, ते माले माहीत नही. पाळकसाहेबले बी माहीत नही. पन तुन्हा बोलानी गयी नही.

तू माले इचारं, मंग बदलाले काबर लावं. माले लाज वाटे, म्हनीसन. तुन्ही नही, मन्हीच लाज वाटे. लोक मन्हावर हसनात, तशा तुन्हावर हसतीन, अशी भीती वाटनी.

तुले वाटनं तर माले काही बी सांग. कसं बी सांग.

निशाबाई

•

लोणखेडा
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. निशास,

हे पत्र धनुच्या घरी, कोठीजवळ बसून लिहिते आहे. तुझं पत्र तिला आज वाचून दाखवलं. माझी अहिराणी वाचताना अडखळत होती, इतक्या वर्षांत मीही ती तोंडात धरली नव्हती. एका ठिकाणी आजीने आतून मला दुरुस्त केलं.

धनु ऐकत होती. पत्र संपल्यावर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि उलटं सुलटं करून पाहिलं. तिला अजून नीट वाचता येत नाही. "माय" कुठे लिहिलं आहे ते विचारलं. मी दाखवलं. किती वेळा आहे, विचारलं. मी मोजून सांगितलं, तीन. ती उठून बाहेर गेली. अंगणात आजी शेंगा फोडत होती, तिच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. मग आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. आवाज असा होता की आजी घाबरली आणि मला हाका मारायला लागली. मी गेले नाही. रडू दिलं. ऑगस्टपासूनचं होतं ते.

तुला सगळं ठीक झालं असं लिहिणार नाही. अजून ती बोलण्याआधी थांबते. मंदाचं नाव निघालं की तोंड फिरवते, तो राग जायला वर्षं लागतील, कदाचित जाणार नाही. आईशिवायचं लेकरू आहे ते, आणि तसंच राहणार आहे. आपण दोघींनी मिळून त्यावर आणखी एक ओझं ठेवलं होतं, तेवढं हललं आहे, इतकंच.

आत्ता ती माझ्याशेजारी बसली आहे. म्हणते, बाईंना माझं पण लिहा. म्हणते, ती आता प्रार्थना करते, पण कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून पुरतं नाव आणि पत्ता सांगते. मी विचारलं, काय मागतेस? तिने सांगितलं ते खाली लिहिते. तिने जसं म्हटलं तसंच लिहिते, एक शब्द सुधारत नाही.

"देवा, ज्योती हिलाल सोनवणे, बमरोली, वरली खोली, निळा दरवाजा. ती मन्ही माय शे. तिले सांग, मी आते तठे नही शे. आजीना घर शे."